पाटावर न मांडलेला सेट

दसऱ्याच्या सकाळी मनवेलपाड्यातल्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये अख्खा स्टाफ झेंडूच्या माळा ओवत होता आणि ऑपरेशन थिएटरची सिस्टर हेमांगी तेवढी कपाटाला कुलूप लावत होती. चावी तिने युनिफॉर्मच्या खिशात टाकली आणि खिशाला वरून सेफ्टी पिन लावली. उमेळ्याच्या बागायतदाराची ही मुलगी. एकदा हट्टाला पेटली की सख्खा बाप हात टेकायचा, तिथे डॉक्टरांचं काय!

कपाटात होता ऑपरेशनच्या हत्यारांचा एक सेट, वाफेवर निर्जंतुक करून डब्यात बंद केलेला. असे दोनच सेट तिथे होते आणि दर दसऱ्याला दोन्ही पाटावर मांडले जात. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, वर फूल. "आज यांना विश्रांती," असं डॉक्टर केयूर कौतुकाने म्हणायचे. माणूस हाताचा चांगला, पण देवाचा विषय निघाला की शिकलेलं सगळं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे.

गेल्या दसऱ्याला जिजा नावाची बाई आली होती, अडलेली. हत्यारं पाटावर. कुंकू घासून, धुऊन, पुन्हा वाफेत घालून सेट हातात येईपर्यंत पोटातलं बाळ गेलं. जिजाच्या नवऱ्याला डॉक्टर म्हणाले, "देवाची मर्जी." हेमांगी शेजारीच उभी होती.

तिचा देवावरचा विश्वास तसा नर्सिंग शिकतानाच उडाला होता. डब्यावर चिकटवलेल्या पट्टीला वाफ पुरेशी लागली की काळ्या रेघा उमटतात. नाही लागली तर नाही उमटत, मग तुम्ही कोणीही असा. इतका सरळ कारभार देवाने तिला कधी दाखवला नव्हता. पण गेल्या दसऱ्यापर्यंत ती गप्प असायची; ज्याचा देव त्याच्यापाशी. त्या दिवसापासून मात्र देवाचं नाव पुढे करून हात झटकणाऱ्यांची तिला चीड येऊ लागली.

"सिस्टर, दुसरा सेट कुठाय?" सोवळं नेसलेले डॉक्टर पाटासमोर खोळंबले होते.

"तो मिळणार नाही, सर. कोणी आलं तर लागेल."

"अहो, आजच्या दिवशी सगळं तो सांभाळतो." डॉक्टरांनी वर बोट दाखवलं.

"गेल्या वर्षी कुठे होता?"

आया इनेझ मावशी गिरीजची ख्रिस्ती, पण आरतीला सगळ्यांत पुढे. झांजा घेतलेले तिचे हात जागच्या जागी थांबले. डॉक्टरांचा चेहरा आधी उतरला, मग लालबुंद झाला.

"नर्सिंग होम माझं आहे. सेट माझे आहेत."

"सेट तुमचे, सर. अडलेली बाई तुमची नाही."

"ठीक आहे! संध्याकाळपर्यंत एक जरी इमर्जन्सी आली, तर दर वर्षी ठेवा तो कपाटात. नाही आली, तर चावी माझ्या हातात द्यायची आणि उद्यापासून घरी बसायचं."

हेमांगीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. तरी ती म्हणाली, "चालेल."

आरती झाली, श्रीखंडपुरी झाली, इनेझ मावशी सोडून बाकी स्टाफ आपापल्या घरी गेला. हेमांगी थिएटरबाहेर स्टुलावर बसून राहिली. रस्त्यावर रिक्षा थांबली की तिचा जीव वरखाली व्हायचा. एक तर अगदी दाराशी येऊन थांबली. ती धडपडत उठली, तर आतून कोणी पाहुणे मिठाईचा पुडा घेऊन उतरले. आणि ती चक्क हिरमुसली. मग लख्खकन तिच्या लक्षात आलं, आपण कोणाच्या तरी कळांची वाट बघतोय, स्वतःची नोकरी टिकावी म्हणून. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"नको. कोणी म्हणजे कोणी येऊ नये," ती पुटपुटली.

"कोणाला सांगतेस गो?" इनेझ मावशीने लादी पुसता पुसता विचारलं.

"कोणालाच नाही. नुसतं वाटलं ते बोलले."

"मग प्रार्थनेत आम्ही दुसरं काय करतो?"

"तुम्ही सगळे त्याच्यावर सोपवून मोकळे होता, मावशी. मी इथे बसलेय."

दिवेलागणीला डॉक्टर आले. हातात आपट्याची पानं होती.

"आलं कोणी?"

"नाही, सर."

"मग?" त्यांनी हात पुढे केला.

हेमांगी उठून उभी राहिली. "तुम्ही रोज सकाळी देवापुढे दिवा लावून बसता, सर. आलं का कधी कोणी? म्हणून दिवा लावायचा सोडलात?"

डॉक्टरांचा हात तसाच राहिला.

"पाटावरचा सेट उद्या सकाळी धुऊन वाफेत घालते. पट्टीवर रेघा उमटल्या की चावी घ्या आणि नोकरीही घ्या. तोवर इथे हा एकच सेट आहे."

एवढं बोलून ती पुन्हा स्टुलावर बसली आणि खिशाची पिन नीट लागली आहे ना, ते तिने एकदा चाचपून पाहिलं.