पाठीतला कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी निळी सॅक आहे. कालपर्यंत नॉटिंगहॅममधल्या एका घराच्या लॉफ्टमध्ये, ख्रिसमसच्या झाडाचा खोका आणि आकाशकंदिलाची पिशवी यांच्यामध्ये चेपून बसवलेली. मला दोन खांदेपट्टे आहेत, एक कंबरपट्टा आहे आणि सहा कप्पे आहेत. म्हणजे सगळे सहाच म्हणतात. खरे तर सात आहेत, आणि तो सातवा कप्पा एकीशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तर ही सगळी गोष्ट घडली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो शिलाई मशीनचा खडखडाट आणि नव्या कापडाचा वास. तिथून मी नॉटिंगहॅमच्या एका दुकानात आले. पंधरा वर्षांच्या आश्लेषाने मला पहिल्यांदा पाठीवर घेतले, आरशात पाहिले आणि म्हणाली, "आई, हाच बॅग!" शाळेतल्या मुलांबरोबर ती डोंगरात तीन दिवस चालायला जाणार होती. त्या तीन दिवसांत पावसाने नुसते झोडपून काढले. सगळ्यांचे कपडे भिजून चिंब, आणि आश्लेषाचे मोजेसुद्धा कोरडे! मास्तरांनी सगळ्यांसमोर माझे कौतुक केले. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी चांगलीच फुशारले होते.

पुढे आश्लेषा लीड्सला शिकायला गेली आणि माझी धोब्याची पिशवी झाली. दर महिन्याला मळके कपडे कोंबायचे आणि आईकडे आणून ओतायचे. तुम्हाला सांगते, त्या काळात मला कुणी विचारले असेल तर ते फक्त श्यामलाताईंनी. श्यामलाताई म्हणजे आश्लेषाची आई. तीस वर्षे इथल्या इस्पितळात फार्मसिस्ट होत्या. त्यांनी मला कोमट पाण्यात धुतले, उसवलेला खांदेपट्टा जाड दोऱ्याने शिवला. शिवता शिवता त्यांचा हात माझ्या पाठीच्या गादीमागे गेला आणि त्यांना तो सातवा कप्पा सापडला. पाठीची गादी उचलली की मागे एक अरुंद फट आहे, थेट तळापर्यंत जाणारी. "अगबाई, इथे पण जागा आहे की!" असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. आश्लेषाला हे कधीच कळले नाही.

लीड्समध्येच आश्लेषाला नकुल भेटला. तोही तिकडेच वाढलेला, फिजिओथेरपिस्ट. गाडी घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचा, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर बघायचा. मुलगा सोन्यासारखा, फक्त त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेतली की सगळे ठीक. पाच वर्षांत त्याला एकही फिट आली नव्हती. लग्नानंतर दोघांनी ठरवले, नोकरीतून आठ महिने सुट्टी काढायची आणि पाठीवर सॅक टाकून हिंडायचे. सुरुवात चीनपासून.

श्यामलाताईंना हे मुळीच पसंत नव्हते. "अगं, नकुलची तब्येत, अनोळखी देश, आणि आठ महिने? काही झालं म्हणजे?"

"काही नाही होणार, आई. Please. तू नेहमी worst case सांगतेस," आश्लेषा म्हणाली. नकुल मधे पडला, "आई, मी तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्यात, पुढच्या वाटेत डॉक्टरांकडून घेईन, तुम्ही काळजी नका करू." सगळ्या गोळ्या त्याने एका हिरव्या पाऊचमध्ये भरल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी तर घरात युद्धच झाले. श्यामलाताई माझ्यात काहीतरी भरायच्या आणि आश्लेषा ते बाहेर काढायची. मेतकूट आत, मेतकूट बाहेर. लाडवांचा डबा आत, डबा बाहेर. बाथरूममधला वजनकाटा आणून आश्लेषाने मला त्यावर उभे केले आणि बोट दाखवून बजावले, "आई, आता माझा बॅगला कोणी हात नाही लावायचा!"

श्यामलाताईंनी डबा परत फडताळात ठेवला. पण सकाळी ती दोघे अंघोळीला आणि आवराआवरीला गेली तेव्हा त्या हळूच आल्या. नकुलच्या हिरव्या पाऊचमधून त्यांनी तीन स्ट्रिप्स काढल्या. पंधरा दिवसांच्या गोळ्या. सगळी औषधं एकाच जागी ठेवायची नाहीत, हे त्या आयुष्यभर इस्पितळात लोकांना सांगत आल्या होत्या. स्ट्रिप्स रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या सातव्या कप्प्यात सरकवल्या आणि मला थोपटले. आत्ता सांगितले तर ही पोरगी काढून टाकील. विमान उतरले की मेसेज करून कळवू, मग कुठे परत आणून देते, असा त्यांचा साधा हिशोब होता. मला तर गंमतच वाटली, आमच्या दोघींचे गुपित म्हणून.

चीनमध्ये चेंगदू नावाचे प्रचंड मोठे शहर आहे, तिथे आम्ही उतरलो. आणि उतरल्या उतरल्या आश्लेषाच्या फोनने राम म्हटला. म्हणजे फोन चालू होता, पण तिला हवे ते काहीच उघडेना. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही, नकाशा नाही. आठ महिने जायचे म्हणून दोघांनी इंग्लंडमधला मोबाइल नंबर बंद करून टाकला होता, आणि चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालावे म्हणून जे आधी फोनमध्ये घालून घ्यायचे असते ते नकुल विसरला होता. विमानतळावर तिथले सिम घेतले, पण ते होते नुसते देशातल्या देशात बोलायचे. "It's fine, आईला सांगितलंय, दोन-तीन दिवस फोन नाही आला तर घाबरू नकोस म्हणून," आश्लेषा म्हणाली. मी मात्र मनात म्हटले, आता त्या मेसेजचे काय होणार?

तिथे मेट्रोच्या स्टेशनातसुद्धा आत शिरताना सामान मशीनमधून घालावे लागते. नकुलच्या छोट्या बॅगेतले काहीतरी पडद्यावर दिसले आणि तिथल्या बाईंनी नम्रपणे ती उघडायला सांगितली. नकुलने दाढीचे सामान काढले, हिरवे पाऊच काढले, उघडून गोळ्या दाखवल्या. बाईंनी मान डोलावली. मागे ही गर्दी! नकुलने घाईघाईने सामान भरले, आश्लेषाने मला पाठीवर चढवले आणि दोघे जिन्याकडे पळाली. मी पाठीवर होते, त्यामुळे माझे तोंड मागे होते. टेबलावरचे ते हिरवे पाऊच मला दिसत होते. मी कळवळून ओरडले असते हो, पण सॅकला आवाज कुठला? जिन्याच्या वळणावर ते दिसेनासे झाले.

संध्याकाळी हॉस्टेलमध्ये गोळी घ्यायची वेळ झाली तेव्हा नकुलचा चेहरा पांढरा पडला. दोघे धावत परत स्टेशनवर गेली, पण त्या स्टेशनला सहा दारे, आणि आपण कुठल्या दाराने शिरलो हेच आठवेना. पाऊच मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी औषधांची दुकाने पालथी घातली. फोनमधल्या भाषांतराशी बोलून बोलून दोघांचे घसे बसले. एका दुकानातल्या आजीबाईंनी आश्लेषाचा हात हातात घेतला, गोळीचे नाव वाचले आणि कागदावर इस्पितळाचा रस्ता काढून दिला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध देता येत नाही म्हणाल्या. इस्पितळात सणाची सुट्टी होती. या आजाराचे डॉक्टर परवा बसतील, तातडीचे असेल तर पलीकडच्या इमारतीत जा, असे सांगितले. पलीकडे मोठी रांग होती. रांगेत नकुलच म्हणाला, "चल, मला काही होत नाहीये. परवा येऊ." आणि आश्लेषाने ऐकले. ते तिने ऐकायला नको होते.

"आईला फोन करूया का? हॉस्टेलच्या बाईंना विचारू," नकुल म्हणाला.

"नको ना रे. दुसऱ्याच दिवशी? ती म्हणेल, मी सांगितलं होतं. आणि घाबरून तिचं बीपी वाढेल ते वेगळंच."

मित्रांनो, हे सगळे बोलणे चालू असताना मी आश्लेषाच्या पाठीवर होते; पाऊच हरवल्यापासून ती मला कुठे ठेवायलाच तयार नव्हती. तिच्या पाठीत आणि त्या गोळ्यांत अंतर किती? एक गादी आणि एक रुमाल. ती चालायची तेव्हा दर पावलाला स्ट्रिप्सची चांदी आतल्या आत कुरकुरायची. मला वाटायचे, आता ऐकेल, आता थांबेल. पण त्या रस्त्यावर इतका गलका होता! दिवसभर मी तिच्या मागे तशीच लोंबकळत राहिले. आयुष्यात मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलच्या अंगणात नकुल नूडल्सचा वाडगा घेऊन बसला होता. वाडगा हातातून निसटला. तो खुर्चीवरून खाली आला आणि त्याचे सगळे अंग ताठ होऊन झटके देऊ लागले. आश्लेषाने किंचाळत माझ्यातले कपडे बाहेर फेकले, मला चपटे केले आणि त्याच्या डोक्याखाली सरकवले. फरशीवर डोके आपटू नये म्हणून. त्याचे डोके माझ्या पाठीवर आदळत होते आणि त्याच्याच गोळ्या माझ्या आत, त्याच्या कानाखाली कुरकुरत होत्या. मी दोन-तीन मिनिटे त्याचे डोके झेलले. तेवढेच मला जमले.

झटके थांबल्यावर नकुल डोळे उघडून पाहू लागला, पण त्याला काही उमजत नव्हते. जीभ चावली गेली होती. हॉस्टेलच्या बाईंनी अँब्युलन्स बोलावली आणि काही न विचारता आपला फोन आश्लेषाच्या हातात दिला. तो परदेशात लागत होता. नॉटिंगहॅममध्ये तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. श्यामलाताईंनी पहिल्या रिंगला उचलला.

"आई," आश्लेषा रडत म्हणाली. "नकुलला फिट आली. गोळ्या हरवल्या. परवाच हरवल्या, मी तुला सांगितलं नाही. Sorry, आई."

 पलीकडून श्यामलाताईंचा आवाज आला, इस्पितळातल्यासारखा ठाम. "आश्लेषा, रडू नकोस. तुझी सॅक कुठे आहे? पाठीची गादी उचल. आत हात घाल, पार तळापर्यंत."

आश्लेषाचा हात माझ्या सातव्या कप्प्यात गेला. रुमाल बाहेर आला. तिने तो उलगडला आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडली.

"मेसेज केला होता गं मी," श्यामलाताई पलीकडून सांगत होत्या. आता त्याही रडत होत्या. "आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

नकुल बरा झाला. पण त्या दोघांची हिंमत खचली, आणि नवव्या दिवशी आम्ही घरी आलो. मँचेस्टरच्या विमानतळावरच्या वाय-फायवर आश्लेषाचे व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा चालू झाले आणि पहिल्या दिवशीचा मेसेज टुणकन वर आला. 'आशू, रागावू नकोस. सॅकच्या पाठीत नकुलच्या गोळ्या ठेवल्या आहेत. काढून टाकू नकोस.' तिने तो नकुलला दाखवला. 

फिट आली म्हणून नकुलला वर्षभर गाडी चालवायची बंदी झाली. तो बसने, पायी, पावसात भिजत म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचा. माझ्याकडे बघितले की आश्लेषाला ते अंगण आठवायचे, म्हणून मला लॉफ्टमध्ये टाकले. मी कुणाला दोष देत नाही. पण वाईट वाटले, ते वाटलेच.

काल लॉफ्टचे दार उघडले. नकुलला गाडीचा परवाना परत मिळालाय आणि दोघे पुन्हा निघाली आहेत, या वेळी दोन महिन्यांसाठी. श्यामलाताईंनी मला पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि दोघांना समोर बसवले. "बघा. या गोळ्या मी इथे ठेवते आहे. नकुल, तुम्ही स्वतः हात घालून बघा. आशू, तूही." दोघांनी हात घातला. आश्लेषाने फोनमध्ये फोटो काढला. मग तिने डोळे बारीक करून विचारले, "आणि लाडू?"

"छे गं! या वेळी काही नाही ठेवलं," श्यामलाताई म्हणाल्या.

मित्रांनो, आपल्या माणसांपासून, त्यांच्याच भल्यासाठी का होईना, काही लपवू नका. जे ठेवाल ते सांगा, जे हरवेल तेही सांगा. आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका, आम्हाला सगळे दिसते पण तोंड नाही. माझ्या डाव्या बाजूच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली, या घटकेला सात लाडू आहेत. उद्या सकाळची फ्लाइट आहे. तुम्ही तरी आश्लेषाला सांगा.