चार तास जेवणारे उंदीर

मित्रांनो, मी उंदरांची वजने करणारा एक जुना काटा आहे. आजही कोणी माझ्या पारड्यात काही ठेवले की मी स्वतःलाच विचारतो: मी खरे सांगेन ना?

पूर्वी असे नव्हते. हैफाच्या कारखान्यात माझी दांडी घासूनपुसून तयार झाली, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. तिथून रेहोवोतच्या एका प्रयोगशाळेत आलो आणि उंदरांची देखभाल करणाऱ्या मेनाशेआजोबांच्या हाती पडलो. ते मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि नव्या मुलांना सांगत, "हा काटा थापा मारत नाही हं!" शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी ते पायी येऊन उंदरांना खाणे घालत, पण मला हात लावत नसत. माझीही सुटी असे.

पुढे आजोबांचे गुडघे धरले आणि माझे पुसणे मागे पडले. त्याच वर्षी हदस नावाची तरुण संशोधक आली. तिने उंदरांचे दोन गट केले. दोघांना खाणे एकच, चरबीने ओथंबलेले. पहिल्या गटापुढे ते दिवसरात्र असे. दुसऱ्याला मात्र दिवसातून चारच तास, तेही रोज ठरलेल्या वेळी.

"उपाशी मारतेस का गं त्यांना?" आजोबा कुरकुरले.

"बघा तर खरं, मेनाशे. चार तासांत तेवढंच चापतील."

आणि झालेही तसेच. थोड्या दिवसांत ते जवळपास तेवढेच खाऊ लागले. तरी अठराव्या आठवड्यात पहिल्या गटातला उंदीर सरासरी चाळीस ग्रॅम भरे आणि दुसऱ्यातला तेहतीस.

हदसचे प्राध्यापक अव्नेर वही चाळून हसले. "खाणं तेवढंच, चरबी तेवढीच, आणि हे सडपातळ? हदस, उंदीर बारीक झालेत की तुझा काटा म्हातारा झालाय?"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. हदसचीही तीच गत.

"उंदरांना घड्याळ लावून जेवायला घालतेस आणि स्वतः उभ्या-उभ्या बिस्किटं खातेस!" आजोबा रागावले. तिचे लक्षच नव्हते.

शेवटी तिने शेजारच्या खोलीतून तपासणीचे वीस ग्रॅमचे पितळी वजन आणले आणि माझ्यावर ठेवले. मी बावीस दाखवले.

हदस मटकन खाली बसली. "सगळं वाया गेलं, मेनाशे. अठरा आठवडे. आणि हे इतके जीव."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजोबांनी माझे पारडे उचलून उलटे केले. खाली सांडलेल्या खाण्याचा तुपकट थर घट्ट बसला होता. उंदीर ठेवायच्या डब्याचे वजन मी स्वच्छ असताना एकदाच केलेले होते आणि रोज तेच वजा होई, म्हणून हा थर कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

"चूक माझी आहे, पोरी," म्हणत आजोबांनी फडके हातात घेतले.

"थांबा, पुसू नका!" हदस ताडकन उठली. तिने पन्नास ग्रॅमचे वजन ठेवले. बावन्न. तिने श्वास सोडला. "म्हणजे जाड्यालाही दोन जास्त आणि बारक्यालाही दोनच. दोघांची वजनं आपण एकाच दिवशी करतो. फरक सातचा तो सातच राहिला!"

आठवड्याने रक्ताचा अहवाल आला. ठरलेल्या वेळी जेवणाऱ्यांच्या रक्तातही चरबी कमी होती. त्यांचे शरीर ती साठवण्याऐवजी जाळत होते.

"आता त्या दोन ग्रॅमचं कशाला लिहितेस? कोण विचारणार आहे?" अव्नेर म्हणाले.

"मी विचारतेय ना!" हदस म्हणाली आणि माझी चूक तिने आपल्या प्रयोगाच्या अहवालात स्पष्ट लिहून टाकली.

आता तिथे विजेवर चालणारा नवा काटा आहे. मी फळीवर असतो. मित्रांनो, जेवणाच्या वेळेचे महत्त्व उंदरांनी सांगितलेच आहे. माझे मागणे छोटे आहे. काम झाले की आम्हाला खालूनही पुसा आणि अधूनमधून खरे वजन ठेवून पाहा. आपण चुकतो आहोत, हे आम्हाला आतून कळत नाही. चुकत असतो तेव्हाही आम्ही तेवढ्याच ठामपणे आकडा सांगत असतो.