बाई गप्प झाल्या

ठमीने कॉम्प्युटरवर नवी जावा टाकली, ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर उघडून बघितलं, भाव, आलेख, सगळं जिथल्या तिथे दिसलं, आणि ती हुश्श करून खुर्चीत मागे रेलली. इथेच ती चुकली. पण तिला ते सोमवारी सकाळी कळायचं होतं, तेव्हा आपणही जरा धीर धरू.

ठमी म्हणजे काही लहान पोर नव्हे हो. चौतिशीतली बाई, औषधांच्या दुकानात कामाला. तिथे गोळी पाच मिलिग्रॅमची की दहाची हे दोनदा वाचल्याशिवाय ती पाकीट कुणाच्या हातात देत नसे. ‘ठमी’ हे नाव काकांनी ठेवलेलं. काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, जन्मभर एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढली, आणि निवृत्त होऊन जरा निवांत बसतात न बसतात तोच डोळे गेले. डाव्या डोळ्यात किंचित उजेड राहिला होता, खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं समजण्यापुरता. तेव्हापासून ठमी त्यांच्याकडेच राहत होती.

डोळे गेले म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यातले काका नव्हते. शेअर बाजाराचा नाद जुना. अंधांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मास्तरांनी त्यांच्या मशीनवर एक प्रोग्राम बसवून दिला होता. कळ दाबली की स्क्रीनवर जे असेल ते बाईच्या आवाजात वाचून दाखवायचा. काका त्या आवाजाला मानाने ‘बाई’ म्हणत. बाईंनी भाव सांगायचा, काकांनी कळा दाबायच्या, तिसऱ्याचं तिथे काम नाही.

“फायदा होवो नाहीतर तोटा होवो, बाईंचा सूर तोच,” काका कौतुकाने म्हणायचे. “माणसाला हे जमत नाही बघ.”

बाईंना फक्त कॉम्प्युटरपुरतंच दिसायचं. बाकी सगळं जग काकांना ठमी वाचून दाखवायची. दुधाच्या पिशवीवरची तारीख, शर्टाचा रंग, दारात आलेल्या माणसाचा चेहरा. वाचता वाचता जरा गोड करून सांगायची सवय तिला कधी लागली, ते तिचं तिलाही आठवत नव्हतं. दार उघडल्यावर शेजारी तोंड वाकडं करून उभे असायचे, आणि ती म्हणायची, “हसताहेत, काका.”

डोळ्यांच्या डॉक्टरांचंही तसंच. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनचं सहा महिन्यांनी बघू, आशा सोडू नका. बाहेर पडल्या पडल्या काकांनी तिचा दंड धरून विचारलं होतं, “चेहरा कसा होता गं त्यांचा?”

“हसरा,” ठमी म्हणाली होती.

तेव्हापासून काका खुशीत होते. ऑपरेशनसाठी म्हणून त्यांनी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. आणि टेबलावरची स्क्रीन ते कधी बंद करू देत नसत. आंधळ्या माणसाला स्क्रीन कशाला, असं कुणी म्हणालं की उत्तर तयार असायचं. “दिसायला लागल्यावर बटण शोधत बसू का?”

आता या जावाबद्दल. काकांचं सॉफ्टवेअर एकट्याच्या बळावर चालत नाही, त्याच्याखाली जावा नावाचा दुसरा प्रोग्राम लागतो. ती नसेल तर ते जागचं हलत नाही. दलाल कंपनीने कळवलं होतं की सोमवारपासून जुनी जावा चालणार नाही, सतरा नंबरची टाका. ठमीने रविवारी दुपारी पाहिलं तर सतरापेक्षा बराच मोठा नंबर सगळ्यात वर झळकत होता. नवीन ते चांगलंच असणार म्हणून तिने तो टाकला. सॉफ्टवेअर उघडेचना, नुसती चूक दाखवणारी चौकट. मग मात्र तिने कपाळावर हात मारला, सूचना पुन्हा नीट वाचली, मोठ्या नंबरची काढली, सतरा टाकली. आणि पसारा नको म्हणून सगळ्यात जुनीही पुसून टाकली.

“बरं केलंस,” काका पलंगावरून म्हणाले. “दोन जावा एका घरात, कटकट नुसती.”

दोघंही खूप हसले. हसून घेतलं ते बरं झालं.

सोमवारी बाजार उघडायच्या बेताला काकांनी हेडफोन चढवले, कळ दाबली आणि तसेच बसून राहिले. पुन्हा दाबली. मग हेडफोनची वायर उपसून काढली, आवाज खोलीत यावा म्हणून.

“ठमे, बाई बोलत नाहीत.”

ठमी धावत आली. बाकी सगळीकडे बाई बोलत होत्या. घड्याळ सांगत होत्या, फायलींची नावं सांगत होत्या. ट्रेडिंगच्या खिडकीत शिरलं की चिडीचूप. ठमीने बंद करून उघडलं, पुन्हा बंद करून उघडलं. स्क्रीनवर आकडे पळत होते आणि आवाज म्हणून नव्हता. तिने मास्तरांना फोन लावला, उचलेनात.

आणि दिवस तरी कुठला? पंपवाल्या कंपनीचा तिमाही निकाल आदल्या शुक्रवारी वाईट लागला होता. काकांचा हिशेब ठरलेला होता. भाव चारशेच्या खाली गेला की विकायचं, वाद नाही. वर असेल तर धरून ठेवायचं.

“उघडला का बाजार?” काकांनी विचारलं. त्यांची बोटं कळांवर नुसती टेकलेली होती. “तू वाच मग आज. पंपाचा भाव काय?”

ठमीने बघितलं. तीनशे अठ्ठ्याण्णव.

आता खरं सांगायचं तर तिच्या मनात पाप नव्हतं. भाव घसरतो नि वर येतो, घटकाभरात सावरेल, तेवढ्यासाठी या माणसाचं ऑपरेशन का बुडवायचं? आणि विकायचं म्हटलं तर बटण तिलाच दाबावं लागणार. बाईंचा आवाज तिनेच घालवला, आता वर हेही तिच्याच हातून!

“चारशे तीन,” ती म्हणाली.

“आहे म्हणजे अजून वर,” काका म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “तुझा आवाज असा का येतोय?”

“काही नाही. जावाची काळजी लागलीय.”

भाव काही सावरला नाही. सत्त्याण्णव. पंचाण्णव. काका विचारत राहिले, ठमी चारशेच्या वरच सांगत राहिली, आणि दर वेळी खोट्यात ती जास्तच अडकत गेली. खरं सांगावं तर आधीचं उघडं पडतंय. न सांगावं तर नुकसान वाढतंय. औषधाच्या दुकानात असं कुणी केलं असतं तर तिनेच त्याला हाकलून दिलं असतं.

तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. तिने धडाधड सगळं सांगितलं.

“जावा आणि बाई यांच्यामध्ये एक पूल लागतो,” मास्तर शांतपणे म्हणाले. “जुन्या जावात मी तो चालू करून ठेवला होता. तू तिला काढलंस, तिच्याबरोबर तोही गेला. नवीत तो आपणहून चालू होत नाही. पण काल तू तपासलं नाहीस?”

“तपासलं की. बघितलं सगळं.”

“बघितलंस, ऐकलं नाहीस,” मास्तर म्हणाले. “बरं, कमांड द्यायची काळी खिडकी उघड. एक ओळ सांगतो, ती टाइप कर.”

एकच ओळ. ठमीने एकेक अक्षर तपासून घातलं. आता नुसतं एंटर दाबायचं, सॉफ्टवेअर पुन्हा उघडायचं, की बाई बोलणार. आणि काय बोलणार, हेही तिला समोर दिसत होतं. तिचं बोट कळेवर तसंच राहिलं.

“काय झालं?” काकांनी विचारलं. “आणि भाव?”

आता सांगावं, बाईंच्या आधी आपण सांगावं. तिने तोंड उघडलं.

“चारशे एक.”

आणि स्वतःचाच राग येऊन तिने खाडकन एंटर दाबलं.

सॉफ्टवेअर उघडलं. काकांनी सराईतपणे कळा दाबल्या. बाई बोलल्या, वायर अजून उपसलेलीच होती त्यामुळे अख्ख्या खोलीला ऐकू आलं. “तीनशे ब्याण्णव.”

काकांनी पुन्हा दाबलं.

“तीनशे ब्याण्णव.”

ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरल्याप्रमाणे काकांनी स्वतःच्या हाताने विक्री घातली, बाईंनी सौदा झाल्याचं सांगितलं, आणि मगच त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली.

“केव्हापासून खाली होता?”

“उघडल्यापासून,” ठमी रडत म्हणाली. “चुकले मी, काका.”

“हा शर्ट,” काकांनी छातीवर हात ठेवला. “परवा छान दिसतो म्हणालीस.”

“कॉलरपाशी विरलाय.”

“वाटलंच. बोटाला लागत होतं.” ते थोडंसं हसले. मग हसू मावळलं, आणि ठमीला पुढचा प्रश्न तो विचारला जायच्या आधीच कळला.

“आणि डॉक्टरांचा चेहरा?”

ठमीने डोळे पुसले. या वेळी तिने आवाजाला हलू दिलं नाही.

“हसरा नव्हता. तुम्हाला आशा सोडू नका म्हणाले ना, तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली त्यांनी. नाही म्हणून.”

“आपल्यात हे असं सरळ सांगत जा,” काका म्हणाले. “बाई सांगतात तसं.”

“हो.”

त्यांनी वायर चाचपून पुन्हा जागी खोचली, हेडफोन उचलले, आणि कानाला लावता लावता थांबले.

“ठमे, ती स्क्रीन बंद करून टाक. उगाच वीज जळते.”

ठमीने बटण दाबलं. काकांनी हेडफोन चढवले आणि कळ दाबली.