आश्रुबाच्या नंबरावर

बारावीचा कागद हाती आला, तर पंचशीलेच्या पदरात पडायच्या गोष्टी चार होत्या, आणि चारही तिने कधीच्या मोजून ठेवल्या होत्या. पहिली, अंगणवाडीतली खुर्ची. मदतनिसाला सतरंजीचा कोपरा असतो, खुर्ची सेविकेची. दुसरी, कुलपाची किल्ली. सेविका येईपर्यंत पोरं आवरत दारात उभं राहण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. तिसरी, सही. खिचडी ही शिजवायची, रजिस्टरात सही सेविका भामाबाईंची. आणि चौथी, लोकांच्या तोंडातली हाक. सेविकेला सगळं गाव 'बाई' म्हणतं. हिला वरच्या आळीतली काल आलेली सूनसुद्धा 'ए पंचशीला' म्हणून हाकारायची. पाचवीही एक होती, पण ती तिने हिशोबात धरली नव्हती. नववीतल्या योगिताला शाळेत कोणी आईचं काम विचारलं, की ती 'अंगणवाडीत आहे' एवढंच म्हणायची आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

भामाबाई येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी असेल तर जागेवर पहिला हक्क तिचा. नसेल तर जाहिरात निघणार, आणि जाहिरात निघाली तर जागा कोणाची हे गावाने आधीच ठरवून टाकलं होतं. मुकादम आश्रुबाची सून चैताली, बारावी पास, तीही सायन्स. आश्रुबा ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस. जे अजून झालं नाही ते झालं म्हणून सांगण्यात त्याची हयात गेलेली. तो पारावर बसून खुशाल सांगत होता, "जूनपासून आमच्या सूनबाईला बाई म्हणायचं बरं का."

म्हणून पंचशीलेने अर्जाची गोष्ट नवरा भारत आणि पोरगी सोडून कोणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. अर्ज भरायलाही ती गावातल्या सेंटरवर गेली नाही, वडवणीला प्रविणच्या दुकानात गेली. काचेवर कागद चिकटवलेला: 'मुक्त शाळा. ऑनलाइन प्रवेश. पाचवी, आठवी, दहावी, बारावी. वयाची अट नाही.' तिच्या पुढे एक बाप होता. टोळीबरोबर जाणाऱ्या पोरीची आठवी भरत होता, म्हणजे पोरगी फडावर बसून मोबाईलवर शिकेल आणि उन्हाळ्यात येऊन परीक्षा देईल.

दिवस मुदतीचा शेवटचा होता. उशीर हिचा नव्हे, माहेरच्या शाळेचा. दाखला धर्मापुरीहून आणायचा होता, आणि तिथले हेडमास्तर दोन खेपांना भेटले नाहीत. तिसऱ्या खेपेला भेटले, तेव्हा शिक्का भेटला नाही.

"सहाला साईट बंद होती, ताई," प्रविण म्हणाला. घड्याळात चार वाजून चाळीस झाले होते. त्याने आधारचा नंबर टाकला, बटन दाबलं. "ओटीपी सांगा."

पंचशीलेने फोन पाहिला. काही नव्हतं. उजेडात धरला, पुन्हा पाहिला.

"आला न्हाई."

"गेला की. हे बघा, शेवटचे आकडे सातशे सतरा."

पंचशीलेने वाकून स्क्रीनवर स्वतः पाहिलं. सातशे सतरा. हा नंबर गावातल्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या वयापेक्षा चांगला पाठ होता.

त्याचं असं झालं होतं. आधारची गाडी गावात आली त्या वर्षी पंचशीला नवी नवरी होती, आणि भारतबरोबर एकच हंगाम आश्रुबाच्या टोळीत ऊस तोडून आली होती; तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. यंत्रावरच्या माणसाने मोबाईल नंबर विचारला. रांगेत कोणाकडेच मोबाईल नव्हता, तेव्हा आश्रुबा पुढे झाला आणि म्हणाला, "माझा टाका, सगळी माझीच माणसं हायेत." त्या दिवशी एकोणतीस जणांना नंबर मिळाला. फोन एकाकडेच होता.

पुढे फोन घरोघर झाले, पण नंबर बदलायला बीडला जा, तारीख घ्या, अंगठे द्या, त्या भानगडीत फारसं कोणी पडलं नाही. राशन असो, पेन्शन असो, गॅस असो, ओटीपी आश्रुबाच्या देवळीतल्या जुन्या फोनवर येऊन पडायचा, आणि माणसं त्याच्या घरी सुनेच्या फोनवर विचारायची. त्याबद्दल आश्रुबाने कधी चहासुद्धा घेतला नाही. त्याला फक्त कळायला पाहिजे असायचं, कोणाचं काय चाललंय. आलेले मेसेज सून वाचायची, संध्याकाळी सासऱ्याला सांगायची, आणि तो ते टोळीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायचा. पंचशीलेने बँकेत स्वतःचा नंबर दिला होता. बँकेत दिला म्हणजे आधारलाही कळला, अशी तिची समजूत.

"दुसरा नंबर टाका," ती म्हणाली.

"तसं होत न्हाई, ताई. आठ-दहा दिवसांचं काम हाय ते. लावा फोन, माणूस ओळखीचा असंल तर."

ओळखीचा! पंचशीला दुकानाबाहेर आली आणि काय सांगायचं ते ठरवून मगच तिने फोन लावला.

"कोण? पंचशीलाताई?" चैतालीचा आवाज.

"हां गं. राशनचं करायला आलते. ओटीपी आलाय बघ."

"राशनचं तर दुकानात अंगठ्यावरच करतेत की."

"आता मोबाईलवर बी होतंय म्हणे."

पलीकडे फरशीवर पावलं, देवळीतला फोन उचलल्याचा आवाज. "घ्या लिवून," चैताली म्हणाली, आणि सहा आकडे सांगून मोकळी झाली.

पंचशीला आत आली ती जवळजवळ पळतच. प्रविणने आकडे टाकले, चक्र फिरलं, हिरवी खूण आली. एवढ्या वर्षांत तिला कधी खोटं इतकं स्वस्त पडलं नव्हतं.

"झालं?"

"नोंदणी झाली. आता पासवर्ड येईल, तो टाकला की फोटो, दाखला, फी."

"कुठं येईल?"

प्रविणने तिच्याकडे पाहिलं. "त्याच नंबरावर की, ताई. नंबर आधारवरून आपोआप आलाय, मला खोडता येईना."

पाच वाजून दहा झाले होते. आता त्या मेसेजात राशन असणार नव्हतं. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तर दुसऱ्या कॉलवर. चैताली कोणाशी बोलत असेल? सासऱ्याशीच. तो ट्रक ठरवायला मांजरसुंब्याला गेलाय हे सकाळी पारावर सगळ्यांनी ऐकलं होतं. पंचशीलेने पदराने तोंड पुसलं, फोनची काच पुसली, टेबलावरचा दाखला उगाच सरळ केला. मागे एक म्हातारा पेन्शनचे कागद घेऊन खोकत उभा होता. प्रविण म्हणाला, "ह्यांचं करू का तवर?"

"न्हाई. थांबा."

पाच एकवीसला चैतालीनेच फोन केला.

"ताई, मेसेज आलाय." आणि ती वाचायला लागली, शाळेत धडा वाचतात तशी, ठासून. "'उच्च माध्यमिक, बारावी, कला शाखा. आपली नोंदणी यशस्वी झाली आहे.' राशनचं दुकान लईच शिकलेलं दिसतंय तुमचं."

पंचशीलेला वाटलं फोन ठेवून द्यावा. ठेवला तर तिथेच संपलं असतं.

"चुकलं माझं, चैताली."

"खोटं कावून बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर दिला असतास का?"

"ते आता कसं कळायचं? तुमी विचारलंच न्हाई." पलीकडे ती दाराकडे गेल्याची पावलं वाजली, मग परत आल्याची. भिंतीवरचा काटा पाच अठ्ठावीसवर गेला. "मामा निघालेत तिथून. येतीलच एवढ्यात. लिवून घ्या लवकर. मोठा के. बारका आर. चार. मग ते अ‍ॅटचं चिन्ह—"

"कसलं चिन्ह?"

"गोल. शेपटीवाला ए. प्रविणभाऊला इचारा, त्याला कळतंय. मग नऊ—"

फोनमधून मोटारसायकलचा आवाज आला, आणि अंगणात येऊन बंद पडला. पंचशीलेच्या हातातला पेन तिथल्या तिथे थांबला. चैतालीचा आवाज एकदम मोठा आणि बिनधास्त झाला. "हां ताई, लिवा की. सात. आन् मोठा एम. झालं, एवढंच हाय."

"कोणाचंय गं?" मागून आश्रुबा.

"पंचशीलाताईचं, मामा. राशनचं."

"बरं. वहीत घालतो."

फोन बंद झाला. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. प्रविण म्हणाला, तीनदा चुकला की लॉक. मग तिने एकेक अक्षर बोटाने दाखवलं आणि त्याने एकेक टाकलं, तेव्हा के दोनदा पडल्याचं दिसलं. पाच बावन्नला फी गेली. पावती छापून बाहेर आली, ती पंचशीलेने ब्लाउजात घातली आणि बसस्टँडवर पोचेपर्यंत दोनदा काढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी नळावर चैताली भेटली. आजूबाजूला बाया होत्या, म्हणून पंचशीला हंडा घासत खालच्या मानेनेच बोलली.

"मेसेज?"

"पुसला."

"तुझं वझं झालं गं माझ्यावर."

"माझं बी मन हाय त्या जागेवर, ताई. उगं मोठेपणा सांगत न्हाई मी," चैताली म्हणाली. "पण मेसेज तुमचा होता. आमच्या घरी येऊन पडला म्हणून तो आमचा होतो का?" आणि हंडा कमरेवर घेऊन चालती झाली.

पंचशीलेने त्याच आठवड्यात बीडला नंबर बदलायची तारीख घेतली. मिळाली बारा दिवसांनंतरची. बारा दिवस म्हणजे काय, ती मनाशी म्हणाली, आणि पुस्तकाची उजळणी सुरू केली. योगिता शिकवायची आणि रागवायची. सगळ्या शक्यता तिने धरल्या होत्या, फक्त एक राहिली: शाळा एकदा नाव लागल्यावर गप्प बसत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी आश्रुबा ओट्यावर दाढी करत होता, देवळीतला फोन मांडीशी होता आणि शेजारी पोरगा बाळू, चैतालीचा नवरा, बसला होता. मेसेज वाजला. सून आत भाकरी थापत होती, म्हणून बाळूनेच वाचला. 'बारावीचे स्वयंअध्ययन साहित्य उपलब्ध. विद्यार्थी: पंचशीला भारत.' आश्रुबाने अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वही मागवली आणि मागचं पान काढलं. तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पंचशीला, राशन.

अकराच्या सुमाराला तो अंगणवाडीत आला. भामाबाई मीटिंगला गेल्या होत्या. पंचशीला पोरांना खिचडी वाढत होती. तो उंबऱ्यावर टेकला आणि एका पोराच्या ताटलीत डोकावला.

"झ्याक झालीय. काय पंचशीला, मिळालं का राशन?"

तिच्या हातातला डाव भांड्यावर आदळला. "काका..."

"शिकावं की. त्यात लाजायचं काय? मला सांगितलं असतंस तर मीच ओटीपी वाचून घेऊन दिला असता." दिला असता की नसता, हे त्याच्या चेहऱ्यावर कोणालाच वाचता आलं नसतं. "बरं, मी दुसऱ्याच कामाला आलतो. भामाबाईंना सांग, आमच्या घरून कोणी जागेसाठी येणार न्हाई. आता काय, जागा तुझीच."

"मी पास व्हईन का न्हाई, कोणाला माहीत, काका. तुमी तिला..."

"व्हशील. न्हाई झालीस तर पुढच्या साली बघू. तवर सून घरी बसवून मला परवडत न्हाई." तो धोतराची धूळ झटकत उठला. "बारा कोयते कबूल केलेत कारखान्याला. अकरा जोड्या झाल्या, बारावी जमंना. मी म्हणत होतो, बाळू एकटा पडतोय, दुसरा अर्धा कोयता आणावा कुठून. घरातच होता. परवा निघतो आमी."

पंचशीला उभीच राहिली. 'काका, अर्ज मागं घेते' हे वाक्य तिच्या जिभेवर आलं, अख्खंच्या अख्खं आलं. ते म्हणायला फार तर दोन क्षण लागले असते. आश्रुबा अंगणातून निघाला, कडुनिंबापाशी थांबून चप्पल नीट केली, विडी पेटवली. एवढ्या वेळात ते वाक्य पाच वेळा म्हणून झालं असतं. मग एका पोराने पाणी मागितलं, आणि ती पाणी आणायला आत गेली.

टोळी गेली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. ट्रकात भांडी, सरपण, कोंबड्या, पोरं आणि बायका. चैताली मागच्या फळीला टेकून बसली होती, डोक्यावर नवा रुमाल घट्ट बांधून. तिने आजवर ऊस खाल्ला होता, तोडला नव्हता. पंचशीला रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"अभ्यास करा, ताई," चैतालीच वरून म्हणाली. "एवढं करून नापास झालात तर मी येऊन इचारीन." शेजारच्या बाया हसल्या. ती हसली नाही.

ट्रक गेला, आणि हिशोब पक्का झाला. प्रविणला त्याचे सुटे पैसे मिळाले. आश्रुबाला बारावा कोयता मिळाला, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. पंचशीलेने फी भरली, भाडं भरलं, आणि परीक्षा होईपर्यंतची झोप. तिच्या बाजूला एवढंच. बाकी अर्जाची किंमत, दिवाळीपासून पाडव्यापर्यंतचे पाच महिने, रोज पहाटेपासून, एका बाईने भरली, आणि त्या अर्जावर तिचं नाव कुठेच नव्हतं.