भूगोलबाईंचे पैसे परदेशी जातात

भूगोलबाईंनी सगळी नोकरी शाळेत जगाचा नकाशा शिकवण्यात घालवली, आणि निवृत्तीचे पैसे मात्र घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या सिमेंट कारखान्याच्या शेअरमध्ये घातले. सगळेच्या सगळे. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभं राहायचं, चिमणीतून धूर निघतोय ना ते बघायचं आणि म्हणायचं, "चला, शिजतायत माझे पैसे."

त्या राहायच्या भावजयीबरोबर. भाऊ गेल्यापासून घरात या दोघीच, आणि दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत नाही. पंखा किती जोरात, खिडकी उघडी की बंद, इथपासून सुरुवात. भावजयीचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानाच्या वर गुंतवणूक सल्लागार म्हणून बसायचा. खुर्ची फिरती होती, गिऱ्हाईक फारसं फिरकत नव्हतं.

एका सोमवारी चिमणीतून धूर आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी बाईंनी चहा अर्धा ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि थेट भाच्याचं ऑफिस गाठलं.

"कारखाना बुडाला," त्या दारातूनच म्हणाल्या.

"आत्या, भट्टीची दुरुस्ती चाललीय. पुढच्या आठवड्यात सुरू होईल. बस आधी."

"मग मला कुणी कळवलं का नाही?"

"कारखान्याने तुला कळवायचं?"

"पैसे माझे आहेत ना?"

भाच्याने ही संधी सोडली नाही. बाईंना पाणी दिलं आणि किती दिवस पोटात ठेवलेलं भाषण बाहेर काढलं. सगळा भार एका चिमणीवर कशाला? जगभर थोडे थोडे पैसे पसरून ठेवले, तर एका देशात मंदी आली तरी दुसरीकडे तेजी असू शकते. एकच फंड घ्यायचा, त्यात सगळे देश आले.

"सगळे? सरसकट?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी आयुष्यात कधी अख्खा वर्ग सरसकट पास केलेला नाही. एकेकाला उभं करून प्रश्न विचारलेत."

"बरं, मग देश तू निवड," भाचा म्हणाला. ही त्याची चूक झाली.

दुसऱ्या दिवशी बाई ॲटलास काखोटीला मारून हजर. त्याची शिवण सुटली होती, आफ्रिका वेगळी काढून हातात देता यायची. भाच्याने नेदरलँड्सचं नाव काढलं, तर बाईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, बराचसा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे पैसे ठेवले तर बुडतीलच ना!"

"आत्या, त्यांनी बांध घातलेत."

"ते मी तुझ्या बापाला शिकवलंय. बांध आहेत म्हणजे भीती आहे. पुढचा."

चिलीला तांब्यासाठी चांगले गुण मिळाले, पण भूकंपासाठी कापले गेले. नॉर्वे मासे आणि नीटनेटका किनारा या जोरावर वरच्या वर्गात गेला. कॅनडाला इतकी मोकळी जागा असून माणसं कमी, म्हणून 'प्रयत्न वाढवावेत' असा शेरा मिळाला. जपानपाशी बाई थबकल्या. भूकंप, ज्वालामुखी, वादळं, खनिजांच्या नावाने शून्य. "आणि तरी बघ कुठे पोचलाय," त्या म्हणाल्या. आवाज जरा हळवा झाला होता. "असं एखादं मूल असतं वर्गात. घे."

मग त्यांनी युगोस्लाव्हियावर बोट ठेवलं.

"तो देश आता नाही, आत्या. फुटला."

बाईंनी बोट नकाशावरून उचललं नाही. म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नाही."

"तू ॲटलास बदलला नाहीस."

"किती तुकडे झाले? बॉक्साइटच्या खाणी कुणाकडे गेल्या?" भाच्याला सांगता आलं नाही. बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला शाळेतली तीन पिढ्यांची मुलं घाबरून होती.

शेवटी सिमेंटचे अर्धे शेअर विकले आणि ते पैसे पाच देशांत मार्गी लागले. आता खरा ताप सुरू झाला. बाईंना वाटू लागलं, हे देश आपल्याच घरात राहायला आलेत. जपानला जरा धक्का बसला की भाच्याचा फोन वाजायचा.

"आत्या, बाजाराला काही झालेलं नाही."

"बाजाराचं कोण विचारतंय? माणसं बरी आहेत ना?"

टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला तर त्या दोन्ही बाजूंनी ओरडायच्या. "एकाची बाजू घ्या की," भावजय वैतागायची. "घेऊ कशी? दोघांकडे माझे पैसे आहेत."

भावजयीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तिचे पैसे बँकेत मुदत ठेवीत, पावती कपाटात आणि किल्ली कमरेला. एका संध्याकाळी बाई नॉर्वेच्या हवेबद्दल फारच अधिकाराने बोलायला लागल्या, तेव्हा तिने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"वन्सं, तुमचे पैसे जग फिरून आले. तुम्ही मात्र बसस्टँडच्या पुढे गेला नाहीत."

बाईंना ते लागलं. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ त्यांच्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला जपानच्या फंडातले अर्धे विकायला सांगितले.

"आत्ताच? आत्या, ही लाँग टर्म गुंतवणूक आहे."

"गुंतवणूक असेल लाँग टर्म. मी नाही." मग म्हणाल्या, "जपानची दोन तिकिटं काढ. खालच्या बर्थची असतील तर बघ."

"विमानाला बर्थ नसतात. आणि दोन कुणाची?"

"बॅगा कोण उचलणार? तुझ्या आईचे खांदे भक्कम आहेत."

भावजयीने तीन दिवस नाही म्हटलं आणि चौथ्या दिवशी लोकरीचा स्वेटर उन्हात टाकला.

जपानमधून रोज दोन फोन यायचे. पहिला बाईंचा: "लोक रांगेत कसे उभे राहतात बघ! आणखी थोडे टाक यांच्यात." दुसरा, न्हाणीघरात दार लावून, आईचा: "तुझी आत्या स्टेशनात हरवली होती. नकाशा हातात, आणि उत्तर दिशा समजून दक्षिणेला तरातरा चालत सुटली. एका जपानी बाईने आम्हाला हॉटेलच्या दारापर्यंत आणून सोडलं. भाषा येत नाही, पण माझी बॅगसुद्धा घेतली हो तिने." भाच्याला आईच्या आवाजात पूर्वी कधी न ऐकलेलं काहीतरी ऐकू आलं. ती हसत होती.

परत आल्यावर दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. कारण कुणाला कळलं नाही. भाच्याने विचारलं, तर दोघींनी "काही नाही" असं एकाच सुरात सांगितलं.

आठवा दिवस उजाडला तशी भाच्याच्या ऑफिसात आई आली. घरच्या गाऊनऐवजी नीट साडी, हातात पर्स, पर्समध्ये मुदत ठेवीची पावती. ती फिरत्या खुर्चीसमोर गिऱ्हाइकाच्या जागी बसली आणि म्हणाली, "मलाही ते जगाचं काय ते करून दे. पण माझे देश वेगळे हवेत. तिचे नकोत."

भाच्याने चेहरा सरळ ठेवून अर्ज काढला. नाव, पत्ता विचारायची गरज नव्हती, तरी विचारला. आईला ते बरं वाटलं. मग नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न आला.

"आई, जोखीम घ्यायची तुझी तयारी किती? कमी, मध्यम की जास्त?"

आईने पर्सची चेन लावली.

"तुझ्या आत्याबरोबर दहा दिवस एका खोलीत राहून आलेय. आता तूच ठरव आणि लिही."