आतल्या खोलीतली काठी

सासूबाई जाऊन वर्ष होत आलं, तरी आतल्या खोलीतला त्यांचा पलंग आणि उशाशी टेकवलेली काठी कुणी हलवली नव्हती. सून ओट्यापाशी उभी राहून हॉटेलातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी घोकत होती. शिकवणीच्या बाईंनी बजावलं होतं, की आधी काम उरकायचं आणि मग ते केलं असं मोठ्यांदा म्हणायचं. एवढा वेळ कुणाला आहे? तिने नुसत्या वाक्यांचाच सपाटा लावला.

“आय हॅव पील्ड द पोटॅटोज.” बटाटे टोपलीत सालींसकट पडले होते.

आतून टक् असा आवाज आला.

तिने वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आतूनच सगळं विचारायच्या आणि सुनेची थाप ओळखली की काठी फरशीवर आपटायच्या. पण म्हातारीला इंग्रजीचा गंधही नव्हता.

“आय हॅव वॉश्ड द राइस,” ती चाचरत म्हणाली. टक्.

मग तिने मुकाट्याने बटाटे सोलले, तांदूळ धुतले आणि तीच वाक्यं पुन्हा म्हटली. आत चिडीचूप. स्वयंपाक होईस्तोवर काठी वाजली नाही, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. ताट न वाढताच तिने पायात चपला सरकवल्या आणि जाता जाता शेवटचं वाक्य म्हटलं.

“आय हॅव ईटन.”

टक्.

“जेवलीस का गं?” असं म्हातारी रोज दुपारी विचारायची. “जेवले,” असं ती रोज सांगायची, आणि काठी रोज आपटायची.

तिने चपला काढल्या, ताट वाढून घेतलं आणि पलंगापाशी जाऊन बसली.