पदकाच्या कडेचं नाव

खाण्यापिण्यानं पोट दुखलं तर औषध मिळतं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून जे दुखतं, त्यावर दुकानात काही मिळत नाही. आणि तो दुसरा म्हणजे आपली बायकोच असली, तर बोंबलायचं तरी कुणाकडे? ढालवाल्यांची नेमकी तीच पंचाईत झाली.

ढालवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाजाराच्या टोकाला त्यांचं कप आणि ढालींचं दुकान होतं. धावण्याची शर्यत असो, बुद्धिबळ असो, नाही तर पाळीव कुत्र्यांची स्पर्धा असो, बक्षिसावर जिंकणाऱ्याचं नाव कोरायचं ते त्यांनीच. कुत्र्यांचीसुद्धा नावं कोरली होती त्यांनी. स्वतःला मात्र जन्मात एकदाच बक्षीस मिळालं, तेही उत्तेजनार्थ, आणि त्यावर नाव चुकलेलं. त्यामुळे जिंकून आलेला माणूस दुकानात शिरला की ढालवाले त्याच्याकडे जरा तिरकंच बघत. ही सवय त्यांना घरात लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की एका सुट्टीच्या सकाळी दार वाजलं. दारात एक म्हातारा उभा होता, पण म्हातारा म्हणायची हिंमत होऊ नये इतका ताठ.

"बत्ती आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे की," ढालवाले म्हणाले. "सकाळपासून एकदाही गेली नाही." त्यांना वाटलं, वीज कंपनीचा माणूस असेल.

तेवढ्यात आतून त्यांची बायको हात पुसत आली. तिनं म्हाताऱ्याला पाहिलं, "सर!" म्हणाली आणि दोन्ही हात बाजूला घेऊन ताठ उभी राहिली. अडतीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्यापुढे अशी कधी उभी राहिली नव्हती. ढालवाल्यांच्या छातीत तिथंच पहिली कळ आली.

लग्नाआधी बायको लष्करी इस्पितळात परिचारिका होती, हे ढालवाल्यांना ठाऊक होतं. नोकरी सोडावी लागेल ही अट त्यांच्याच घरून गेली होती. तिनं सोडली. विषय संपला. निदान ढालवाल्यांच्या लेखी तरी संपला होता.

"अगं, तुझा पत्ता काढता काढता दमलो," पाहुणा म्हणाला. हे तिथले शल्यचिकित्सक, तेव्हाचे कॅप्टन. जुन्या लोकांचा मेळावा भरवायचा म्हणून ते सगळ्यांच्या सेवानोंदी तपासत होते. "तुझ्या नोंदीत पदकांचा रकाना मोकळा आहे! दोन पदकं मंजूर झालेली, अगं. मी स्वतः शिफारस लिहिली होती. पण हुकूम निघाला तू गेल्यावर महिन्यानं, आणि तोवर तुझी नोंद बंद झालेली. लग्नाची घाई केलीस ना!"

घाई कुणाची होती ते ढालवाल्यांना माहीत होतं. पण त्यांना त्यापेक्षा जास्त झोंबलं ते 'अगं'. अहो, 'अगं' ही नवऱ्याची मिरास. ते तिला नावानं कधीच हाक मारत नसत, सगळा संसार त्या एका 'अगं'वर चाललेला. आणि हा कोण उपटसुंभ येतो, सोफ्यावर बसतो आणि दर वाक्याला 'अगं' म्हणतो?

"आणि बत्ती म्हणजे?" त्यांनी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

"सांगितलं नाही हिनं? दिवे गेले की ही टॉर्च दातात धरून दोन्ही हातांनी काम करायची. टाके पडेपर्यंत मान हलवायची नाही. सगळे बत्तीच म्हणायचे हिला."

कॅप्टन गेल्यावर ढालवाल्यांनी पेपर उघडला आणि उलटा धरला.

"सगळे म्हणजे कोण सगळे?"

"अख्खा वॉर्ड," बायको कप उचलत म्हणाली.

हे तर जास्तच वाईट झालं. एक माणूस असता तर त्याच्यावर मनसोक्त जळता आलं असतं. अख्ख्या वॉर्डावर कुणी आणि किती जळायचं? जखमी, लंगडे, कुबड्यांवरचे, सगळ्यांना ती ठाऊक होती. ढालवाल्यांना ठाऊक होती ती तिची भाजीतली मिठाची सवय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नोंद दुरुस्त करायची तर अर्ज हवा. अर्ज कॅप्टननी भरून दिला. पण घोडं अडलं एका ठिकाणी. नोंद माहेरच्या नावानं, अर्ज सासरच्या नावानं. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं नवऱ्यानं कार्यालयात हजर राहून शपथेवर सांगायला हवं होतं.

म्हणजे किल्ली ढालवाल्यांच्या हातात आली. मग काय विचारता! आधी शाळांच्या बक्षीस समारंभांचा मोसम आला, मान वर करायला फुरसत नाही. मग पाठ धरली. मग चष्मा दुरुस्तीला गेला. "या वयात पदकं घेऊन करायचंय काय?" हे तर ते रोज म्हणत, कधी भिंतीला, कधी आरशाला. आपण वाईट वागतोय हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग? कॅप्टनचा फोन वाजला आणि ती आतल्या खोलीत जाऊन हसली, की कळलेलं सगळं पुसून जाई.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा बायको पर्स घेऊन दाराशी आली.

"मी सरांना सांगून येते. म्हणावं, नवऱ्याला वेळ नाही, आता तुम्हीच काही तरी बघा माझ्यासाठी."

ढालवाले तिच्या आधी जिना उतरले.

कार्यालयातल्या बाईंचं टेबल फायलींनी वाकलेलं. त्यांनी शिफारस मोठ्यानं वाचायला घेतली. इस्पितळावर तोफांचा मारा सुरू झाला, सगळ्यांना निघण्याचा हुकूम झाला. ज्यांना हलवता येत नव्हतं त्या रुग्णांपाशी ही परिचारिका हुकूम मोडून थांबली. छताचा अर्धा भाग कोसळल्यावरही थांबली. मदत आली तेव्हा ती एकाची फुटलेली शीर बोटानं दाबून बसली होती, आणि बोट काढायला तयार नव्हती.

वाचता वाचता बाई थांबल्या आणि चष्म्यावरून ढालवाल्यांकडे बघू लागल्या. "ती परिचारिका आणि या तुमच्या पत्नी एकच, असं शपथेवर सांगता ना?"

ढालवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून "अहो!" म्हणून ओरडणारी ती हीच. खरं सांगायचं तर त्यांना खात्री वाटेना. हुकूम मोडणारी ती दुसरी कोण? ती त्यांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. ती कॅप्टनच्या वाट्याला आली, त्या फुटक्या शिरेवाल्याच्या वाट्याला आली. आपल्याकडे आली ती लुगडी वाळत घालणारी.

"अहो, विचारतायत त्या," बायको हळूच म्हणाली.

"सांगतो. एकच," ढालवाले म्हणाले आणि सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं.

महिन्याभरानं नोंद दुरुस्त झाली आणि त्याच बाईंनी दोन पदकं हातात ठेवली. "पूर्वी कडेवर नाव कोरून यायचं. ते यंत्र केव्हाच मोडीत गेलं. आता कोरीच देतो. बाहेरून कुणाकडून तरी कोरून घ्या."

"बाहेरून कशाला?" बायको म्हणाली आणि तिथल्या तिथं खळखळून हसली.

ढालवालेही हसले, पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. कोरी! म्हणजे नोंदीत काहीही असो, धातूवर काय चढायचं ते आपल्या हातात. चढवू आपलंच आडनाव. कॅप्टन मेळाव्यात पदक उलटंपालटं करून बघेल, तेव्हा त्याला ढालवाल्यांचं नाव वाचावं लागेल. वाच म्हणावं! दुकान येईपर्यंत ते जवळजवळ खुशीत होते.

दुकानात त्यांनी पहिलं पदक छोट्या पकडीत घट्ट बसवलं, कड वर केली, दिवा ओढला. बायको गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"हं. नाव?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माहेरचं."

"असं कसं? अडतीस वर्षं माझं नाव लावतेस. बँकेत माझं, दवाखान्यात माझं, दारावरच्या पाटीवर..."

"पाटीवर तुमचं एकट्याचंच आहे," ती म्हणाली. "माझं कोरायचं राहिलं होतं तुमचं."

ढालवाल्यांनी उगाच दिवा हलवला. "पण लोक काय म्हणतील? नवऱ्याचं नाव नाही?"

"तिथं कुठे होतात तुम्ही?"

"कॅप्टन होता!"

निसटलंच तोंडातून. आणि एकदा निसटल्यावर मागचंही सगळं बाहेर आलं. "त्यानं पाहिलंय तुला तशी. सगळ्यांनी पाहिलंय. मी सोडून. मला हेवा वाटतो, कळलं? म्हातारपणी, स्वतःच्या बायकोचा! त्या बाईशी माझी ओळखच नाही. मला आणून दिली ती दुसरीच कोणी तरी."

बायकोनं हललेला दिवा परत पदकावर आणला. मग म्हणाली, "चष्मा लावा. कोरा."

त्यांनी कोरणी उचलली. आधी तिचं स्वतःचं नाव. गावातल्या कुत्र्यांची नावं कोरून झाली होती, हे पहिल्यांदाच कोरत होते. आडनावापाशी आल्यावर हात थांबला. पहिलं अक्षर त्यांच्या आडनावाचं घातलं असतं तरी कोण अडवणार होतं? तीही अडवणार नव्हती, नुसती बघत बसली होती. त्यांनी दात ओठ खाल्ले आणि तिच्या वडिलांचं आडनाव कोरलं. मग दुसऱ्या पदकावरही तेच. काम झकास झालं, हे त्यांना स्वतःला मान्य करावं लागलं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"एक विचारू?" धातूचा चुरा फुंकत ते म्हणाले. बाकी सगळं बोलून झालं होतं, आता लाज कसली. "कॅप्टननं कधी लग्नाचं विचारलं नव्हतं तुला?"

"विचारलं होतं की."

ढालवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग?"

तिनं पकडीतून पदक सोडवलं, दिव्याखाली धरलं आणि कोरलेल्या नावावर बोट ठेवलं.

"मग काय? हिनं त्यांना नाही सांगितलं. आणि पुढच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा मामांनी दाखवलेल्या एका ढालवाल्याला हो म्हणाली. हुकूम मोडणारीच होती ती, तिला कोण जबरदस्ती करणार होतं? अहो, तुम्हाला होकार दिला तो हिनं. तुमच्या नावाची बाई तर तेव्हा जन्मालाही आली नव्हती."

ढालवाल्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. एक अक्षर जरा उथळ गेलंय."

अक्षर काही उथळ गेलं नव्हतं. तरी तिनं पदक दिलं, आणि ते खाली मान घालून बराच वेळ कड पुसत बसले.